सातेरीच्या पेट्यांत अळ्या मरतायत, थाई सॅकब्रूड असेल का? अनुभवी मधपाळांनी कृपया सांगा

वेंगुर्ल्याचा_काजू
नमस्कार मंडळी. काजूची बाग आहे, त्यात सातेरीच्या (आपल्या देशी मधमाशीच्या) पेट्या ठेवल्यात, मधापेक्षा काजूच्या मोहराला माशी असावी हा मूळ हेतू. पावसाळा कसाबसा काढला, साखरेचा पाक देत होतो, गणपतीनंतर जरा फुलोरा दिसायला लागला तशी राणीने अंडी पण भरपूर घातली. आणि आता नेमकं वाढीच्या वेळेला दोन पेट्यांमध्ये अळ्या मरायला लागल्यात. पोळ्यातल्या घरांची झाकणं भोक पडल्यासारखी, काही अर्धी उघडलेली, आत अळी सरळ आडवी पडलेली आणि डोकं वर टोकदार उचललेलं. काडीने बाहेर काढली तर अख्खी निघते, पाणी भरलेल्या पिशवीसारखी, फोडली की पातळ पाणी. वास काहीच नाही. माशा सुस्त, दारावर ये-जा कमी, परागकण आणणाऱ्या तर मोजक्याच. शेजारच्या गावातला एकजण म्हणाला ऑक्सिटेट्रासायक्लिन (अँटिबायोटिक) पाकातून दे, दुसरा म्हणाला पेटी जाळून टाक. मला दोन्ही करवत नाहीये. हे थाई सॅकब्रूडच का? आणि बाकीच्या पेट्या वाचवायच्या तर आज, उद्या काय करू?

साखळी_गोंय
आमच्याकडे पण साधारण अशीच लक्षणं आहेत म्हणून हा धागा धरून बसतोय. एक विचारायचं होतं, झाकणाला बरोबर मधोमध बारीक भोक असेल तर तो पण रोगच का? माझ्या एका पेटीत खालच्या बाजूला अशी उंच टोपीसारखी झाकणं दिसतायत.

सह्याद्रीतला_मधपाळ
साखळीकर, तुमचं आधी सांगतो म्हणजे जीव भांड्यात पडेल. उंच टोपी आणि मधोमध एकच स्वच्छ गोल भोक म्हणजे ती नराची घरं. सातेरीच्या नरांच्या घरांना ते भोक असतंच, तिची खूणच आहे ती. नवीन लोक ते बघून घाबरतात आणि चांगली फ्रेम (पोळ्याची चौकट) कापून फेकतात. रोगाचं भोक वेडंवाकडं असतं, कामकरी माशीच्या सपाट झाकणावर असतं, कुठे एक कुठे दोन, कारण माशांनी स्वतःच ते कुरतडायला घेतलेलं असतं, आत काहीतरी बिघडलंय हे त्यांना कळलेलं असतं.

वेंगुर्लेकर, तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचून माझं तरी मत सॅकब्रूडच, म्हणजे अळ्यांचा विषाणूचा रोग. पण खात्री करून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आगपेटीची काडी मेलेल्या अळीत घालून हळू वर ओढा. तार लांब ओढली गेली, चिकट तपकिरी, वर घाण वास, तर तो अमेरिकन फाउलब्रूड, तो जिवाणूचा रोग. आंबट वास आणि अळी झाकण बसायच्या आधीच वेडीवाकडी वळून मेलेली असेल तर युरोपियन फाउलब्रूड, तोही जिवाणूच. अळी पूर्ण ताणलेली, झाकणाखाली किंवा झाकण बसता बसता मेलेली, कातडं शाबूत, आत पाणी, वास नाही, आणि वाळल्यावर होडीसारखी दोन्ही टोकं वर उचललेली खपली जी घरातून सहज सुटते, तर सॅकब्रूड. फाउलब्रूडची खपली घराला घट्ट चिकटते, हा फरक लक्षात ठेवा. मेणकिड्याची जाळी नाहीये ना फ्रेममध्ये ते पण बघा, त्यानेही झाकणं उघडी पडतात.

आणि अँटिबायोटिक अजिबात देऊ नका. विषाणूवर ते चालत नाही, एक टक्का पण नाही. उलट मधात उतरतं. २०१० मध्ये युरोपने भारतीय मधाची आयातच थांबवली होती, त्यामागे असल्या औषधांचे अंश हे मोठं कारण होतं.

नीलिमा_क
मी विषाणूंवर काम करते (माणसांच्या नाही, कीटकांच्या), त्यामुळे राहवलं नाही. मधपाळदादांनी अगदी बरोबर ओळखायला सांगितलंय.

ते पाणी कुठून येतं ते सांगते कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. अळी कोषात जाताना शेवटची कात टाकते. विषाणू झालेल्या अळीला ती कात टाकताच येत नाही, मग जुनी कात आणि शरीर यांच्यामध्ये द्रव साठत जातो आणि त्या द्रवात विषाणूचे कण खच्चून भरलेले असतात. लागण मात्र फार आधी, अळी दोनेक दिवसांची असताना झालेली असते. लागण होते ती दाई माशीच्या तोंडून. घरं साफ करणारी तरुण माशी मेलेली अळी फाडून बाहेर काढते, तेव्हा तो द्रव तिच्या पोटात जातो, तिथून विषाणू तिच्या डोक्यातल्या ज्या ग्रंथींमधून पिल्लांचं अन्न तयार होतं त्या ग्रंथींमध्ये साठतो, आणि मग ती पुढच्या अळ्यांना भरवते ते अन्नच दूषित. म्हणजे साफसफाई करणारी आणि भरवणारी माशी एकच, आणि तिथेच रोगाचं चक्र फिरत राहतं.

मोठ्या माशीला वरून काही दिसत नाही पण ती पण आजारीच असते. ती परागकण खाणं सोडते, वयाच्या आधीच बाहेर चरायला जायला लागते, बाहेर जाऊनही परागकण फारसे आणत नाही आणि लवकर मरते. वेंगुर्ल्याचा_काजू यांनी लिहिलंय ना परागकण आणणाऱ्या मोजक्याच, ते याच्याशी जुळतंय.

विषाणू म्हणाल तर आरएनए विषाणू, साधारण २८ नॅनोमीटरचा. रोगाचं वर्णन अमेरिकेत १९१० च्या दशकातच झालेलं, पण तिकडच्या मेलिफेरा (युरोपियन) माशीत तो फुलोरा चांगला आला की बहुतेकदा आपोआप ओसरतो. आपल्या सातेरीच्या जातीत, म्हणजे एपिस सेराना मध्ये, त्याचा जो प्रकार १९७६ मध्ये थायलंडमध्ये सापडला तो मात्र वसाहतीच्या वसाहती संपवतो. भारतात ईशान्येकडे १९७८ च्या सुमारास दिसला आणि दक्षिणेत १९९१-९२ मध्ये जे झालं ते इथल्या जुन्या मधपाळांना माहीत असेलच.

गलाईवाले_विटा
त्या दक्षिणेतल्या साथीबद्दल मी थोडं सांगू शकतो. आमचं घराणं खानापूर तालुक्यातलं, पण सोनं गाळायच्या धंद्यात वडिलांपासून केरळात. कोट्टयमकडे आमच्या घराशेजारी रबराची बाग आणि त्यात मधाच्या पेट्या. रबराला जानेवारी-फेब्रुवारीत नवी पालवी फुटते, त्या पानांच्या देठाशी गोड रस सुटतो, तोच त्यांचा मोठा हंगाम, फुलाचा मध नाहीच तो. शेजारचे चेट्टन (तिकडे मोठ्या भावाला म्हणतात) अजून सांगतात की त्या साथीत अंगणातल्या सगळ्या पेट्या रिकाम्या झाल्या, माशा काही मेल्या काही पेटी सोडून उडून गेल्या, आणि गावात कुणाकडेच माशी उरली नाही. केरळ, तामिळनाडू, कर्नाटक मिळून नव्वद टक्क्यांच्या वर वसाहती गेल्या असं सगळीकडे लिहिलेलं आहे. बरेच लोक या धंद्यातून कायमचे उठले, काहींनी मेलिफेरा आणली.

पण ते एक गोष्ट नेहमी सांगतात ती इथे कामाची आहे. माशी परत आली ती कुठल्या सरकारी योजनेतून नाही तर झाडांच्या ढोलीतून आणि दगडी कुंपणातून. जंगलात ज्या वसाहती वाचल्या होत्या त्या लोकांनी परत पेटीत धरल्या. त्यानंतर पण रोग मधून मधून येतोच, काही पेट्या जातात, पण पहिल्यासारखा सुपडा साफ होत नाही असं त्यांचं म्हणणं.

रानवाटा
सगळं वाचलं. माझं मत कडक आहे, राग मानू नका. रोगट पेटी ठेवणं म्हणजे आजूबाजूच्या पाच गावांना रोग वाटणं. दुबळी पेटी झाली की शेजारच्या ताकदवान पेटीतल्या माशा तिथला मध लुटायला येतात आणि रोग घेऊन घरी जातात. एका पेटीवर जीव लावून बाकीच्या घालवू नका, संध्याकाळी सगळ्या माशा आत आल्या की संपवा.

सह्याद्रीतला_मधपाळ
रानवाटा, लुटीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं, त्यावर मी खाली लिहितोच. पण अमेरिकन फाउलब्रूडला जाळतात कारण त्याचे बीजाणू लाकडात वर्षानुवर्षं जिवंत राहतात. सॅकब्रूडचं तसं नाही, वाळलेल्या खपलीत त्याचा जोर काही आठवड्यांत जातो. मग पेटी जाळून काय मिळणार? आणि जी वसाहत रोग होऊनही तगते तीच आपल्याला हवी असते, ती जाळून बसलो तर उरणार काय ते सांगा.

वेंगुर्लेकर, आता तुमच्यासाठी. आज पहिलं काम म्हणजे फ्रेमची अदलाबदल बंद, या पेटीतली ब्रूडची (अंडी, अळ्या, कोषांची) फ्रेम त्या पेटीत घालून बळ देणं ही सवय आपल्या सगळ्यांना आहे आणि रोग सगळ्यात जास्त त्यानेच फिरतो. आधी चांगल्या पेट्या तपासायच्या, रोगट सगळ्यात शेवटी, आणि त्यानंतर हात साबणाने धुवायचे, पटाशी कडक सोड्याच्या गरम पाण्यात घालायची. रोगट पेटीचं दार माशी जेमतेम जाईल इतकं बारीक करा आणि पाक फक्त अंधार पडल्यावर द्या, सांडू देऊ नका, नाहीतर लूट सुरू झालीच समजा.

मग पेटी उघडून ज्या फ्रेमवर रोग जास्त आहे त्या सरळ काढा. सातेरीच्या पेटीत माशांनी दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकलेल्या असतील तेवढ्याच फ्रेम राहू द्यायच्या, तीन तर तीन. माशा गच्च असल्या की ऊब राहते, साफसफाई होते, मेणकिडा लागत नाही. काढलेल्या फ्रेम उघड्यावर टाकू नका, पोळं कापून जाळा किंवा खोल पुरा.

आणि मुख्य उपाय, राणी कोंडायची. राणीच्या पिंजऱ्यात घालून त्याच पेटीत मधल्या दोन फ्रेममध्ये अडकवायची, साधारण तीन आठवडे. अंडी नाहीत म्हणजे अळ्या नाहीत, अळ्या नाहीत म्हणजे विषाणूला पुढचं घर नाही. होतं त्यातलं वाचणारं ब्रूड उमलून बाहेर येतं, मेलेलं माशा साफ करून टाकतात, मग राणी सोडायची. नीलिमाताईंनी जे चक्र सांगितलं ते मध्येच तोडायचं एवढाच त्याचा अर्थ. या काळात पाक आणि परागकणाला पर्याय म्हणून सोयापीठ-साखरेची वडी द्या. हे प्रत्येक पेटीत यशस्वी होईल असं मी म्हणणार नाही. माशांची संख्या आधीच फार घटली असेल तर वसाहत तेवढे आठवडे काढू शकत नाही. पण अजून तीन-चार फ्रेम भरून माशा असतील तर नक्की करा.

माई_कुडाळ
माका वाटता हळदीचा पाणी फवारल्यार बरा वाटात. आमचे आजे कडुनिंबाचो धूर करीत. कोणी करून बघितल्यान काय?

नीलिमा_क
माई, धूर माशांना शांत करायला ठीक, पण तेवढाच. विषाणू माशीच्या आणि अळीच्या पेशींच्या आत वाढत असतो, बाहेरून फवारलेलं तिथे पोचत नाही. सुगंधी अर्क, हळद, लसूण, सगळ्याचे प्रयोग लोक करतात आणि नेमका त्याच वेळी फुलोरा वाढलेला असतो म्हणून पेटी सुधारते आणि श्रेय हळदीला जातं. ओल्या फवाऱ्याने उलट ब्रूड गारठतं. आज बाजारात या रोगावर औषध म्हणून विकायला असलेली कुठलीही बाटली घेऊ नका. चीन, कोरियामध्ये विषाणूचं आरएनएच बंद पाडणारे रेणू पाकातून देण्याचे प्रयोग झालेत, आशा आहे, पण ती शेतकऱ्याच्या हातात येण्यासारखी गोष्ट अजून नाही.

नवी_मुंबई_गच्ची
मी मधपाळ नाही, मध विकत घेणारी आहे. अशा पेटीतला मध खाल्ला तर माणसाला काही होतं का? आणि हा रोग त्या व्हॅरोआ नावाच्या गोचिडामुळे येतो असं कुठेतरी वाचलं होतं.

नीलिमा_क
माणसाला काहीही होत नाही, हा विषाणू माशांचाच. पण रोगट पेटीतला मध दुसऱ्या माशांना खायला घालू नये, मधपाळांसाठी ही महत्त्वाची सूचना.

व्हॅरोआचं वेगळं प्रकरण आहे आणि ते फार बोलकं आहे म्हणून जरा लांबण लावते. पंख वाकडे करणारा एक विषाणू आहे, डिफॉर्म्ड विंग. हवाई बेटांवर व्हॅरोआ पोचायच्या आधी तो जेमतेम दहा टक्के वसाहतींत होता, व्हॅरोआ आला आणि तो जवळपास सगळ्या वसाहतींत गेला, शिवाय एकेका माशीतलं त्याचं प्रमाण लाखो पटींनी वाढलं. २०१२ मध्ये त्यावर अभ्यास प्रसिद्ध झाला. कारण गोचीड माशीचं अंग टोचून विषाणू थेट आत सोडतो. आता गंमत अशी की व्हॅरोआ मूळचा आपल्याच सेराना माशीवरचा. आपली माशी त्याला पिढ्यानपिढ्या ओळखते, एकमेकींच्या अंगावरून काढते आणि तो फक्त नरांच्या घरात वाढू शकतो, कामकरीच्या घरात गेला तर ती अळीच मरून जाते, तिच्यासोबत तोही. म्हणून सातेरी व्हॅरोआने सहसा कोलमडत नाही. मेलिफेरा कोलमडते. आणि थाई सॅकब्रूडचं नेमकं उलट. त्याला गोचिडाची गरज नाही, दाई माशीच्या तोंडातून तो आपलं काम करतो.

रानवाटा
मग सरळ मेलिफेराच का नाही ठेवायची कोकणात? मध पण तिप्पट-चौपट.

सह्याद्रीतला_मधपाळ
कारण कोकणातला आणि महाबळेश्वरचा पाऊस. मेलिफेराला वर्षभर फुलोऱ्यामागे ट्रकमधून फिरवावं लागतं, व्हॅरोआची औषधं करावी लागतात, पावसाळ्यात पोत्याने साखर घालावी लागते. ज्याची पाचशे पेट्यांची उलाढाल आहे त्याचा तो धंदा आहे, त्याने जरूर करावा. घरामागे पाच पेट्या ठेवणाऱ्या बाईला, काजू-कोकमाच्या बागेत परागीभवन हवं असणाऱ्याला सातेरीच परवडते. ती थोड्या थोड्या फुलोऱ्यावर जगते, इथल्याच जांभळावर, हिरड्यावर, गेळ्यावर वाढलेली आहे. आमच्याकडे महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर केलं, तिथल्या घराघरात जी माशी आहे ती हीच. ही गेली तर जंगलातल्या झाडांना फळ कोण धरवणार? मला या विषयावर तडजोड जमत नाही, स्पष्ट सांगतो.

साखळी_गोंय
पण दादा एक प्रश्न. आमच्याकडे जो रोग आला तो बाहेरून विकत आणलेल्या पेट्यांसोबत आला असा माझा दाट संशय आहे. घाऊक पुरवठा करणाऱ्याकडून वसाहती आल्या, उतरवल्या तेव्हाच ब्रूड ठिगळं ठिगळं होतं. अनुदानाच्या पेट्या घेताना कुणी ब्रूड तपासतं का?

सह्याद्रीतला_मधपाळ
तपासायलाच हवं आणि घेणाऱ्यानेच तपासायला हवं. वसाहत घेताना फक्त माशांची गर्दी बघू नका, फ्रेम उचलून सूर्याकडे पाठ करून घरांमध्ये उजेड पाडा. चांगलं ब्रूड सलग असतं, मध्ये मध्ये रिकामी घरं नाहीत, अळ्या पांढऱ्या मोत्यासारख्या आणि इंग्रजी सी च्या आकारात वळलेल्या. एक जरी ताणलेली, टोक काळवंडलेली अळी दिसली तर वसाहत घेऊ नका, पैसे गेले तरी चालतील. आणि नवीन आणलेली पेटी पहिला महिना-दीड महिना बाकीच्यांपासून लांब, दुसऱ्या बागेत. शक्य असेल तर लांबून आणूच नका, आपल्याच तालुक्यातल्या ढोलीतलं मोहोळ धरा, ते इथल्या हवेचं आणि इथल्या रोगांतून निघालेलं असतं.

नमुना तपासून घ्यायचा असेल तर पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची, तिथे आधी फोन करून नमुना कसा पाठवायचा ते विचारा. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, तेही मार्गदर्शन करतात.

वेंगुर्ल्याचा_काजू
सगळ्यांचे खूप आभार, काय काय झालं ते सांगतो म्हणजे पुढच्याला उपयोग होईल. काडीची परीक्षा केली, तार अजिबात नाही, खपल्या सहज सुटल्या. दोन्ही रोगट पेट्यांतल्या राण्या कोंडल्या, फ्रेम कमी केल्या, दारं बारीक केली. त्यातली एक वसाहत नाही टिकली, माशा रोज कमी होत गेल्या आणि शेवटी मूठभर उरल्या. दुसरीत राणी सोडल्यावर नवीन ब्रूड सलग आलंय, एखाददुसरी अळी मेलेली दिसते पण माशा ती लगेच काढून टाकतायत. आणि सगळ्यात आश्चर्य म्हणजे या दोघींच्या अगदी मध्ये ठेवलेली जी पेटी आहे तिला काहीच झालेलं नाही, आधी पण नाही आता पण नाही. हिचं काय वेगळं असेल?

नीलिमा_क
हीच पेटी तुमची खरी मिळकत आहे! नशीब पण असू शकतं, लागणच झाली नसेल. पण एक परीक्षा घरी करता येते. बंद ब्रूडच्या सलग पट्ट्यातली शंभर घरं मोजून घ्या, बारीक टाचणीने झाकणातून आतला कोष टोचा, फ्रेम परत ठेवा आणि २४ तासांनी बघा किती घरं साफ केलीत. बाकीच्या पेट्यांशी तुलना करा. जी वसाहत मेलेलं पिल्लू लवकर ओळखून लवकर काढते ती या रोगात जास्त टिकते, कारण अळीत विषाणू शिगेला पोचायच्या आत ती बाहेर जाते. कोरियात २००९ नंतर या रोगाने सेरानाच्या बहुतांश वसाहती गेल्या, तिथल्या सरकारी संशोधकांनी वाचलेल्या वसाहती निवडून निवडून तगणारा वाण तयार केला आणि शेतकऱ्यांना दिला. म्हणजे होतं हे, वेळ लागतो पण होतं.

गलाईवाले_विटा
चेट्टनना विचारलं आत्ताच, ते पण हेच म्हणाले. ज्या पेटीला रोग झाला नाही तिचीच विभागणी (एका वसाहतीच्या दोन) करायची, ज्या पेटीने मध जास्त दिला पण रोगात आजारी पडली तिची नाही. मधाचा मोह सोडायचा दोन वर्षं असं म्हणाले.

सह्याद्रीतला_मधपाळ
लाख बोललात. फक्त एक अडचण आहे आणि ती एकट्याने सुटत नाही. तुम्ही त्या चांगल्या पेटीची विभागणी केलीत, नवी राणी तयार झाली, ती मिलनाला आकाशात जाणार आणि आजूबाजूच्या गावांतल्या अनेक नरांशी तिचं मिलन होणार. त्यात निम्मे-अधिक नर रोगाला बळी पडणाऱ्या वसाहतींचे असतील तर तुमच्या निवडीचा निम्मा गुण तिथेच गेला. म्हणून निवड गावाने मिळून करायला लागते. चांगल्या पेटीतली नरांची घरं कापू नका, आपल्याला सवय असते नर फुकट खातात म्हणून ती कापायची, या पेटीत ती वाढू द्या. आणि शेजाऱ्यांच्या ज्या पेट्या तगल्यात त्यांनाही तेच सांगा. विभागणी थंडीत मोहर सुरू व्हायच्या सुमारास, पेटीत नर भरपूर दिसायला लागले की मगच करा.

माई_कुडाळ
आमच्या वाडीत तीन घरांत पेट्या आहेत, त्यातली एक ढोलीतून धरलेली, तिला आजवर काही झालं नाही. टाचणीची परीक्षा मुलाकडून करून घेते, आणि नरांची घरं ठेवते. वेंगुर्लेकर, तुम्ही विभागणी कराल तेव्हा कळवा, तुमची एक राणीपेटी आणि आमची एक अशी अदलाबदल करू, पण आधी दोघांनी एकमेकांचं ब्रूड बघून मगच.

वेंगुर्ल्याचा_काजू
नक्की माई. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ला, दोडामार्ग, पेडणे या भागातल्या ज्यांच्याकडे यंदा रोग येऊनही न पडलेली सातेरीची पेटी आहे त्यांनी इथेच लिहा, पेटी कुठून आलेली, ढोलीतली की विकतची, आणि टाचणीच्या परीक्षेत शंभरातली किती घरं साफ झाली एवढं लिहिलंत तरी पुरे. यादी मी या धाग्यात वर करून ठेवतो.

साखळी_गोंय
माझी एक धरा. दगडी गडग्यातून धरलेली, शंभरात ९१ साफ. शेजारच्या विकतच्या पेटीत ५८.